शाळेची नोकरी सांभाळून विज्ञानाचे संच विकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा : "मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नोकरीला अकरा वर्षं झाली. सहावी ते आठवीसाठी चुंबक आणि विद्युत या विषयांवरचे प्रयोगसंच मी घरी तयार करते. मुलांना ते फार आवडतात, आणि 'आम्हाला विकत द्या' असं पालकच म्हणतात. मिस्टरांच्या नावावर व्यवसाय काढून आमच्याच शाळेतल्या पालकांपासून विक्री सुरू करावी असा विचार आहे. हे चालेल का? किंमत किती ठेवू, जाहिरात कशी करू, आणि जम बसला तर नोकरी सोडू का?"

मॅडम, तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी आधी बाजूला काढते: "आमच्याच शाळेतल्या पालकांपासून" आणि "मिस्टरांच्या नावावर". या दोन्ही सोडल्यात तर तुमच्या कल्पनेत चांगला व्यवसाय आहे. मी नाशिकला खासगी शाळेत विज्ञान शिकवत असताना संस्थेच्या लेखी परवानगीने प्रयोगपुस्तिका आणि संच विकायला सुरुवात केली. आता पूर्ण वेळ तेच करते, आणि या वाटेवर येणाऱ्या शिक्षकांना जमेल तशी मदत करते. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं हाताखालून गेलेलं आहे.

शाळेतल्या पालकांपासून सुरू करू नका असं मी म्हणते, त्याचं पहिलं कारण उघड आहे. ज्या मुलाचं आकारिक मूल्यमापन (वर्षभराच्या कामावरून होणारं) तुमच्या हातात आहे, त्याचे आईवडील तुम्हाला मोकळेपणाने "नको" म्हणू शकत नाहीत. तुम्ही कितीही सांगा की सक्ती नाही, घरी गेल्यावर आई म्हणणारच, "मॅडमचंच आहे, घेऊन टाकू." शिवाय ज्याच्या घरी पाचशे रुपये काढणं जड आहे तो मुलगा त्याच बाकावर बसतो, शेजाऱ्याच्या हातातला संचाचा डबा बघतो, आणि तो डबा त्याच्या बाईंनी विकलेला असतो. हे एकदा झालं की वर्गातलं तुमचं स्थान बदलतं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

दुसरं कारण धंद्याचं आहे, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या वर्गात तुमचा संच चालतो कारण शेजारी तुम्ही उभ्या असता. वायरचं टोक नीट सोललेलं नाही हे तुम्हाला लांबूनच दिसतं, सेल उलटा बसलाय हे तुम्ही बोटाने दाखवता. मुलांना आवडतं त्यात संच किती आणि तुम्ही किती, हे तुमच्या शाळेत कधीच कळणार नाही. ते कळायचं असेल तर डबा अशा घरी गेला पाहिजे जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या पाच-सहा शिक्षकांकडे नमुने पाठवा, त्यांच्या मुलांना तुमच्या मदतीशिवाय ते उघडू द्या, आणि मुलं कुठे अडली ते त्या शिक्षकांना लिहून काढायला सांगा. पहिल्या नमुन्यात सूचनापत्रक निम्मं तरी बदलावं लागतं असा माझा अनुभव आहे.

मग तुमच्या शाळेतल्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी पाच संच प्रयोगशाळेला भेट द्या, मुख्याध्यापकांकडून डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या, आणि पालकांना सांगा की मूल शाळेत हवं तेव्हा हे वापरू शकतं. विकत कुठे मिळेल असं कुणी विचारलंच तर साहित्याची यादी द्या. बाजारातून आणून ते स्वतः जुळवतील. तेवढी विक्री गेली तरी चालेल.

आता नियमांकडे वळू. मूळ गोष्टी तुम्हाला स्वतःला माहीत असल्या पाहिजेत, त्या कुणाच्या तोंडी सल्ल्यावर सोडू नयेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २८ सांगतं की शिक्षकाने खासगी शिकवणी करायची नाही. हा कायदा पहिली ते आठवीच्या शिक्षणाचा, म्हणजे नेमका तुम्ही ज्या इयत्तांसाठी संच करता त्यांचा. त्यामुळे "संचासोबत दर रविवारी ऑनलाइन वर्ग" अशी योजना मनात असेल तर ती आत्ताच काढून टाका. वस्तू विकणं ही वेगळी बाब आहे. तुमच्यासारख्या खासगी संस्थेच्या शाळेतल्या शिक्षकांना १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू होते, आचारसंहिता तिथे आहे. ती नियमावली आणि तुमचा नेमणूक आदेश समोर ठेवून संस्थेकडे लेखी पूर्वपरवानगी मागा. मुख्याध्यापकांनी व्हरांड्यात "काही हरकत नाही" म्हणणं म्हणजे परवानगी नव्हे. मुख्याध्यापक बदलतात, संस्थेची कार्यकारिणी बदलते. जावक क्रमांक असलेला कागद तेवढा टिकतो.

जे वाचक शासकीय शाळेत आहेत त्यांच्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, त्यातला नियम १६ शब्दन् शब्द वाचावा. शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यापार करता येत नाही. साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचं प्रासंगिक काम मात्र, मूळ कामाला बाधा येत नसेल तर, चालतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत.

मिस्टरांच्या नावाची युक्ती मला का खटकते ते सांगते. शिक्षकांमध्ये हा मार्ग इतका रुळलेला आहे की तो सुरक्षित वाटतो, पण "अप्रत्यक्ष" हा शब्द नियमात त्यासाठीच आहे. शासकीय कर्मचाऱ्याच्या घरात कुणी व्यापार करत असेल तर ते कळवावं लागतं, आणि त्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतः प्रचार करत फिरणं हेही नियमात बसत नाही. तुमच्या बाबतीत तर संच तुम्ही बनवणार, व्हिडिओत आवाज तुमचा, शिक्षक ओळखणार तुम्हाला, आणि बिलावर फक्त नाव मिस्टरांचं. हे लपत नाही. कुणाशी कधी बिनसलं की पहिली तक्रार याचीच होते. आयकराचाही मुद्दा आहे: तुमच्या पगारातून त्यांना भांडवल म्हणून दिलेल्या रकमेवरचा नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जाऊ शकतो. मिस्टर खरोखर हा व्यवसाय चालवणार असतील, माल आणणं, हिशेब, पार्सल त्यांच्याकडे असेल, तर तसं करा आणि संस्थेला दिलेल्या अर्जातही तसंच लिहा. नावापुरते मालक मात्र करू नका.

मुळात लपवण्यासारखं यात काही नाही. महात्मा फुल्यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि हेच फुले पुढे पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे भागीदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आले, जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करण्यात पुढे होते, आणि त्याच सुमारास किताबखाना, चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना असे व्यवसायही उभे करत होते. शिक्षकाने पैसा मिळवण्यात कमीपणा आहे ही समजूत मला फार त्रास देते. तिच्यामुळे चांगले शिक्षक चांगल्या वस्तू बनवून फुकट वाटत राहतात, आणि बाजार सुमार मालाने भरतो.

यापुढचा प्रश्न थोडा कठीण आहे. तुम्ही नक्की काय विकणार आहात? अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंमधून शेकडो विज्ञान खेळणी केली, पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांचे व्हिडिओ सगळ्या जगाला मोफत मिळाले, मराठीतूनही मिळाले. चुंबकाचा कुठलाही प्रयोग आज फुकट बघायला मिळतो. म्हणजे प्रयोगाची कल्पना विकता येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. विकता येतं ते वेगळं. चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत दहा गटांना एकाच वेळी हा प्रयोग करू देणारी मांडणी, चाचणी करून घेतलेलं साहित्य, आणि शिक्षकाचा आदल्या रात्रीचा वाचलेला वेळ. अकरा वर्षं वर्गात उभं राहिल्यामुळे हे तुम्हाला येतं, कारखानदाराला येत नाही.

यातून तुमचा ग्राहक कोण ते आपोआप ठरतं. तुमचे ग्राहक शिक्षक आणि शाळा. अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्कमधल्या पॉल एडेलमन या शिक्षकाने 'टीचर्स पे टीचर्स' ही बाजारपेठ सुरू केली. तिथे शिक्षक आपले धडे आणि सरावपत्रिका दुसऱ्या शिक्षकांना विकतात, आणि २०१२ पर्यंत जॉर्जिया राज्यातल्या बालवाडीच्या एका शिक्षिकेची तिथली कमाई दहा लाख डॉलरवर गेली होती. आपल्याकडे एवढा पैसा मराठी शाळांच्या बाजारात नाही, त्या आकड्यांची स्वप्नं बघू नका. पण शिक्षकाची अडचण शिक्षकालाच कळते, हे इथेही तितकंच खरं आहे.

म्हणून माझा सल्ला असा की संचाच्या आधी पुस्तिका काढा. अठ्ठेचाळीस पानांची, फक्त चुंबक आणि विद्युत, शिक्षकासाठी लिहिलेली. प्रत्येक प्रयोगाला साहित्याची यादी, फळ्यावर काय काढायचं, मुलं कुठे चुकतात, प्रयोग फसला तर काय तपासायचं. सोळा पानांचा फॉर्म (छपाईचा एक घडीव कागद) धरला तर तीन फॉर्म होतात, सेंटर पिन बांधणी (मधोमध पिना मारलेली) पुरते. पाचशे प्रती ऑफसेटवर काढल्या तर प्रतीमागचा खर्च आवाक्यात येतो. शे-दीडशेच हव्या असतील तर डिजिटल छपाई घ्या, प्रत महाग पडेल पण घरात गठ्ठे राहणार नाहीत. मी पहिल्या आवृत्तीला नेहमी डिजिटलच सुचवते, कारण पहिल्या आवृत्तीत चुका निघतातच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' ही शैक्षणिक पुस्तकांसाठीची स्वस्त सेवाही आहे. आणि परवानगीच्या दृष्टीने पुस्तक लिहिणं हे कुठल्याही संस्थेला पटवायला सर्वांत सोपं असतं.

एक सावधगिरी बाळगा. बालभारतीच्या पुस्तकातली आकृती किंवा मजकूर जसाच्या तसा उचलू नका, त्याचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत. धड्याचा विषय आणि इयत्ता सांगून स्वतःची आकृती काढा. तसंच प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्यावर सर्वसाधारणपणे मालकाचा, म्हणजे नोकरी देणाऱ्याचा, हक्क असतो. म्हणून शाळेच्या वेळेत, शाळेच्या संगणकावर, शाळेच्या प्रिंटरवर काहीही करू नका. कच्च्या मसुद्यांवर तारखा टाकून ते घरी जपून ठेवा.

संच काढाल तेव्हा आधी सुरक्षिततेचा विचार करा. बटण सेल आणि निओडिमियमच्या (फार जोरदार) चुंबकांचे छोटे मणी, चकत्या संचात घालायच्या नाहीत. कितीही स्वस्त आणि आकर्षक असोत, घरात धाकटं भावंड असतं आणि ते या वस्तू गिळतं. दोन चुंबक पोटात एकमेकांना आतड्याच्या भिंतीतून ओढतात, बटण सेल अन्ननलिका जाळतो. जीव जाऊ शकतो. पट्टीचुंबक आणि डबल-ए आकाराचे सेल, बस्स. तेही सेल संचात देऊ नका, "दोन सेल दुकानातून आणा" असं लिहा. संचात पडून राहिलेले सेल गळतात, आणि सेल व चुंबक असलेली पार्सलं विमानाने पाठवायला कुरिअरवाले खळखळ करतात.

मग नियम. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठीच्या वस्तूंना त्यानुसार बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना आणि आयएसआय चिन्ह लागतं. डब्यावर "खेळा आणि शिका" छापून तो घरोघरी मुलांना विकलात तर तुम्ही सरळ त्यात याल. "शैक्षणिक साहित्य" असा शिक्का मारला म्हणून सुटका झाली असंही धरू नका. पुण्यातल्या बीआयएस शाखा कार्यालयाला संचातल्या वस्तूंची यादी आणि वापर लिहून विचारा, उत्तर लेखी घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, शिक्षकाच्या देखरेखीखाली वापरायचं साहित्य म्हणून सुरुवात करा असं मी सुचवते त्यामागे हेही एक कारण आहे. डबाबंद विक्री असेल तर वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) नियमांप्रमाणे नाव-पत्ता, डब्यात काय किती, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. जीएसटीत वस्तूंसाठी महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण बेळगाव किंवा पणजीला एक जरी डबा विकलात तरी ती आंतरराज्य विक्री होते आणि नोंदणी लागते. सीमेजवळच्या शिक्षकांच्या हे लक्षात येत नाही. पगारासोबत व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयकराचा नेहमीचा सोपा रिटर्न फॉर्म चालत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षापासून चांगला करसल्लागार धरा आणि बँकेत वेगळं खातं उघडा.

किमतीचं गणित एका उदाहरणाने मांडते, आकडे समजुतीपुरते धरा. एका गटाच्या संचाला साहित्य १६० रुपये, डबा आणि सूचनापत्रक ४०, तूटफूट १०, भरण्याची मजुरी २०, म्हणजे २३०. दहा गटांचा वर्गसंच २,३००. वाहतूक २५० आणि बदलून द्यायच्या वस्तूंसाठी १५० धरले तर २,७००. शिक्षक इथे ३,००० किंमत लावून मोकळे होतात. "शाळांना परवडलं पाहिजे" म्हणून. मी म्हणेन ४,५००. कारण उद्या शैक्षणिक साहित्याचा विक्रेता म्हणाला की मी विकतो पण पंचवीस टक्के द्या, तर १,१२५ त्याला गेल्यावर तुमच्याकडे ६७५ राहतात. ३,००० च्या किमतीत विक्रेत्याला ७५० दिले की तुम्ही तोट्यात. मजुरीचे वीस रुपयेही खरोखर मोजा आणि द्या. रात्री जागून तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई मिळून डबे भरता तेव्हा तो खर्च दिसत नाही, आणि पन्नास संचांची मागणी आल्यावर अचानक दिसायला लागतो.

माल आणायला मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात बोहरी आळी आणि बुधवार पेठ. काचेची उपकरणं आणि प्रयोगशाळेचं साहित्य देशभर पंजाब-हरियाणाकडून, विशेषतः अंबाल्याहून येतं. होकायंत्रं मात्र नग तपासल्याशिवाय उचलू नका. स्वस्त खोक्यातल्या बऱ्याच सुया अडकलेल्या किंवा उलट चुंबकित असतात, आणि चुंबकाच्या धड्यात उलटी सुई म्हणजे मुलाच्या डोक्यात कायमचा गोंधळ.

आता जाहिरात. जाहिरात म्हणजे फेसबुकवर पैसे घालणं असं मनात असेल तर ते पुढे कधीतरी. शिक्षकांच्या बाजारात विक्री प्रयोग हाताने करून बघितल्यावर होते. तुमच्या तालुक्याबाहेरच्या विज्ञान अध्यापक संघटनांना पत्र लिहा, शनिवारी दुपारची दोन तासांची कार्यशाळा देऊ करा. तीस शिक्षकांनी स्वतःच्या हाताने विद्युत मंडल जोडलं, दिवा लागला, आणि तासिकेत हे कसं बसवायचं ते कळलं, की वेगळं सांगावं लागत नाही. टेबलावर मागणीपत्रकं ठेवा आणि विक्रीबद्दल शेवटी दोनच वाक्यं बोला. तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनात मांडायला जागा मिळाली तर घ्या, पण तुमच्या शाळेचा प्रकल्प तिथे स्पर्धेत असेल तर त्या वर्षी तिथे दुकान मांडू नका. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीसाठी असते आणि तिच्यात प्रात्यक्षिकाचा टप्पा आहे. त्या मुलांच्या शिक्षकांना प्रयोगांची खरी गरज असते, त्यांच्यापर्यंत पुस्तिका पोचवा. मात्र "या संचाने निवड होते" असं कुठेही लिहू नका. गुण, निवड, यश यांची हमी देणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी ठरू शकते, आणि त्याचा दंड लाखांत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते खरं नाही.

व्हिडिओ करा, चार-पाच मिनिटांचे, घरच्या टेबलावर, फक्त हात दिसतील असे. विषय शिक्षक ज्या शब्दांत शोधतात त्याच शब्दांत लिहा: "सातवी विज्ञान चुंबकीय क्षेत्र प्रयोग". आणि प्रयोग फसतो तो भाग कापू नका. लोहकीस दमट झाला तर रेषा उमटत नाहीत, टाचणी आधीच चुंबकित असेल तर निष्कर्ष उलटा येतो, हे दाखवणारा व्हिडिओ शिक्षक जपून ठेवतात आणि एकमेकांना पाठवतात. यूट्यूबच्या उत्पन्नावर विसंबू नका. जाहिरातींच्या पैशासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलेले असावे लागतात, विज्ञान शिक्षकांच्या छोट्या वर्तुळात ते सावकाश होतं, आणि ते उत्पन्नही परवानगीच्या अर्जात दाखवायला लागतं. शाळेचं नाव, गणवेश, बिल्ला, तुमच्या वर्गातली मुलं, यातलं काहीही त्यात नको. मुलांचे चेहरे वापरायची गरजच नाही, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय तो हक्कही आपल्याला नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेससाठी वेगळा नंबर घ्या. त्याचा नियम असा ठेवा की वर्गाच्या पालकगटावर किंवा शाळेच्या शिक्षकगटावर व्यवसायाचा एक शब्दही जाणार नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक पुस्तिकेत आणि डब्यात एक चिठ्ठी टाका: "प्रयोग अडला तर या नंबरवर लिहा, संध्याकाळी आठ ते नऊ उत्तर मिळेल." शिक्षक नंबर साठवतात, खरोखर लिहितात, आणि त्यांच्या शंकांमधून तुमची पुढची आवृत्ती तयार होते. माझ्या धंद्यात जाहिरातीपेक्षा या तासाने जास्त काम केलं आहे.

शाळांना विकताना त्यांच्या पैशाचं वेळापत्रक ओळखा. जिल्हा परिषदेच्या शाळांत समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान, अनुदानित शाळांत वेतनेतर अनुदान, आणि खर्चाची घाई मार्चअखेरीस. दरपत्रक जानेवारीतच पोचलं पाहिजे. तीन दरपत्रकं लागतात, त्यामुळे तुमचं एकट्याचं देऊन भागत नाही, शाळा बाकीची स्वतः मागवेल. बाकी दोन तुम्हीच दुसऱ्यांच्या लेटरहेडवर आणून द्या असं कुणी सुचवलं तर नकार द्या. ही पद्धत सर्रास आहे आणि पकडली गेली की पहिला बळी विकणारा शिक्षक असतो. उधारीसाठी तयारी ठेवा: तीन महिने पैसे आले नाहीत तरी पुढचा माल आणता येईल एवढंच काम घ्या.

वेळेचं सांगते. तुमचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं, त्यात चाचण्या, प्रथम सत्र, प्रदर्शनं, दहावीच्या उत्तरपत्रिका, आणि निवडणूक किंवा जनगणनेचं काम कधीही. म्हणून उत्पादन मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत करून ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन काही सुरू करू नका. शाळेच्या दिवशी संध्याकाळी एक तास, त्याहून जास्त नाही. तास घेताना तुम्ही थकलेल्या दिसलात तर मुख्याध्यापकांच्या आधी मुलांना कळतं.

आता नोकरीचं. अनुदानित शाळेतलं मान्यता मिळालेलं पद एकदा सोडलं की परत मिळणं जवळपास अशक्य आहे. भरती आता शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते, अभियोग्यता चाचणी, गुणवत्ता यादी, आणि तुमच्या विषयाची जागा निघाली तर. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नसली तरी राष्ट्रीय पेन्शन योजनेत शासनाचा हिस्सा दर महिन्याला पडतो आहे. सोडण्याचा हिशेब करताना पगारासोबत तोही धरा. मी कुणालाही दोन पूर्ण शैक्षणिक वर्षांचे हिशेब बघितल्याशिवाय सोडा म्हणत नाही. एकाच वर्षात अनुदान जास्त आलं, एखाद्या संस्थेने सगळ्या शाखांसाठी घेतलं, असं होतं आणि पुढच्या वर्षी काहीच नसतं. दोन्ही वर्षं खर्च, मजुरी आणि कर जाऊन तुमच्या हातातल्या पगाराएवढे पैसे उरले, आणि ते किमान पंधरा-वीस वेगवेगळ्या शाळांकडून आले, तर मग आधी विनावेतन रजा मागा. संस्थेने दिली तर ते एक वर्ष पूर्ण वेळ धंदा करून बघा. नाही दिली तर शाळेतच राहा, पुस्तिकेचा दुसरा भाग काढा. सातवीच्या स्थिर विद्युतवर मराठीत शिक्षकासाठी चांगलं असं फारच थोडं आहे, आणि ते तुम्ही लिहावं असं मला मनापासून वाटतं.